मॉल येणार की नाही, ते प्लॉटच्या नंबराला विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या भायलीकडच्या ३० मीटर रस्त्याला लागलेल्या मोकळ्या जागेबद्दल गेले पंधरा दिवस आपल्या पत्रांच्या सदरात बरंच काही छापून येतंय. एका पत्रात तिथं मल्टिप्लेक्स होणार आहे, दुसऱ्यात किराण्याचं अवाढव्य दुकान, तिसऱ्यात ‘आमच्या बागेची जागा बिल्डरच्या घशात गेली’. फ्लॅटचा भाव वाढणार म्हणून कुणी खुशीत आहे, रविवारी सोसायटीतून गाडी बाहेर काढता येणार नाही म्हणून कुणी संतापलेला. पण एकाही पत्रात त्या जागेचा फायनल प्लॉट नंबर, म्हणजे नगररचना योजनेत तिला मिळालेला नंबर, नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशातली ही गत.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून वासणा, भायली, सेवासीकडे राहायला गेलेली मराठी घरं आता थोडीथोडकी नाहीत. आयुष्यभराची पुंजी फ्लॅटात घातल्यावर शेजारी काय उभं राहतंय याची काळजी वाटणारच. म्हणून ही अफवा तपासायची कशी, तेवढंच लिहितो.

आधी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. जागेला निळे पत्रे ठोकले, जेसीबी दोन दिवस फिरला, की व्हॉट्सअॅपवर मॉलचं चित्र फिरायला लागतं. पत्रे बहुतेक वेळा कचरा टाकणारे आणि अतिक्रमण करणारे यांना रोखायला ठोकतात. जेसीबी बाभळी काढायला येतो, नाहीतर नगररचना योजनेतल्या प्लॉटचा ताबा देताना हद्दीचे खुंट रोवायला जागा साफ करावी लागते म्हणून. त्यावरून काहीच ठरत नाही. माती तपासणीचं यंत्र आलं असेल, तर मात्र थोडं थांबून बघावं. तीन पायांची लोखंडी घोडी, तिच्यावर कप्पी, आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून नळीवर पडत राहतो. नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजतात, पहिल्या १५ सेंटिमीटरचे सोडून देतात आणि उरलेल्या ३० चे वहीत लिहितात. हे दिसलं तर कुणीतरी पायाच्या डिझाइनवर पैसे खर्च करतोय, एवढं खरं. वर दुकानं येणार की फ्लॅट, हे त्या ठोक्यांतून कळत नाही. आणि ट्रकवर बसवलेलं, पांढरी धूळ उडवत कान किटवणारं यंत्र असेल, तर ती नुसती पाण्याची बोअर आहे. गेल्या आठवड्यातल्या एका पत्रात ‘पायाचं ड्रिलिंग सुरू झालं’ म्हणून ज्याचं वर्णन होतं, ते वाचताना हीच शंका आली.

दुसरी खूण वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. ‘अमुक सर्वे नंबरची जमीन आमच्या असिलांनी खरेदी करण्याचं ठरवलं असून कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास सात दिवसांत कळवावं.’ ही टायटल क्लियरची, म्हणजे मालकी निर्वेध आहे का ते तपासायची नोटीस. वकील ती व्यवहाराआधी देतो. अशा नोटिशीनंतर मोडलेले सौदे भरपूर असतात. ती वाचून ‘मॉल फायनल’ म्हणणं म्हणजे मुलगी बघायला पाहुणे आले की बारशाची तारीख काढणं. नोटिशीचा उपयोग एवढाच, की तिच्यात सर्वे किंवा ब्लॉक नंबर फुकटात मिळतो. तो कापून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. गुजरातमध्ये शहराच्या कडेची शेतं बांधकामाला मोकळी होतात ती नगररचना योजनेतून, आपण जिला टीपी म्हणतो. १९७६ च्या गुजरात नगररचना आणि शहरी विकास कायद्यात तिची रीत दिली आहे. शेतकऱ्याची मूळ जमीन म्हणजे ओपी, ओरिजिनल प्लॉट, आणि योजनेनंतर त्याला परत मिळते ती एफपी, फायनल प्लॉट. ढोबळ हिशेब ४० टक्के कपातीचा. १०,००० चौरस मीटर जमीन गेली तर ६,००० चा रेखीव प्लॉट रस्त्याला लागून परत मिळतो. त्या ४० टक्क्यांचे वाटे कायद्यातच आहेत: रस्त्यांना १५ पर्यंत, बागा आणि मोकळ्या जागांना ५, शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र अशा सोयींना ५, आणि उरलेले १५ टक्के प्राधिकरणाला विकण्यासाठी. दुर्बल घटकांच्या घरांची तरतूद वेगळी. विक्रीचा वाटा राहत्या वापराला जाऊ शकतो, तसाच व्यापारी वापरालाही, आणि त्या पैशातून योजनेतले रस्ते, गटारं व्हावीत ही अपेक्षा असते.

बागेच्या अफवेचं मूळ बहुधा इथंच आहे. मोकळा चौकोनी प्लॉट, त्यावर ‘ही मालकी महापालिकेची आहे’ अशी पाटी, शेजारी सोसायटी. मुलं क्रिकेट खेळतात, संध्याकाळी आजोबा फेऱ्या मारतात, आणि दहा वर्षांत सगळ्यांच्या मनात ती बाग होऊन बसते. नकाशात मात्र त्या नंबरापुढं पहिल्या दिवसापासून ‘विक्रीसाठी, व्यापारी’ लिहिलेलं असू शकतं. बागेला ५ आणि विक्रीला १५, हे आकडे डोळ्यांपुढं ठेवले तर मोकळ्या सरकारी प्लॉटला बाग धरून चालणं किती धाडसाचं आहे ते कळतं. उलट नकाशात खरोखर बाग लिहिली असेल, तर ती कुणाच्या फोनवरून दुकान होत नाही. त्यासाठी योजनेत फेरफार करावा लागतो आणि त्याची रीतसर प्रसिद्धी होते.

हे बघायचं कुठं? तीन कागद मागायचे. पार्ट प्लॅन, म्हणजे योजनेच्या नकाशाचा आपल्या प्लॉटभोवतीचा तुकडा. झोनिंगचा दाखला, म्हणजे विकास आराखड्यात जागा कोणत्या विभागात आहे ते. आणि एफ फॉर्म. ओपी नंबर, क्षेत्रफळ, त्यापुढं एफपी नंबर, क्षेत्रफळ, किंमत आणि मालकाकडून येणं किती, असा हा लांबलचक तक्ता असतो. भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा ही गावं २०२० मध्ये महापालिकेत आली, त्यामुळे तिथले कागद आता महापालिकेच्या टीपी विभागात मागायचे. हद्दीबाहेरच्या गावांसाठी अजून वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण. काउंटरवर कुणी दाद दिली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘मॉल होणार आहे का’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असंच येईल. ‘टीपी क्रमांक अमुक, एफपी क्रमांक तमुक, यासाठी आलेला विकास परवानगीचा अर्ज, मंजूर नकाशा आणि रजाचिठ्ठीची प्रत’ असं मागा. रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी.

जमीन खासगी असेल तर एनीआरओआर या गुजरात सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या दिसतो. सातबाऱ्यापेक्षा गाव नमुना ६ मधल्या नोंदी जास्त बोलतात: कुणी विकली, वारसा कधी लागला, बिनशेतीचा हुकूम कोणत्या वापरासाठी झाला. जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, तर प्रीमियम भरून शर्त उठल्याशिवाय बांधकामाची गोष्ट पुढं सरकत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा मनाई हुकूम दिसला, तर दिवाळीत उद्घाटन वगैरे बातम्या खुशाल विसरा.

आता विरोध करणाऱ्यांसाठी, आणि हे थोडं कडू लागेल. झोन व्यापारी वापराला परवानगी देतो, रस्ता पुरेसा रुंद आहे, नकाशा २०१७ च्या विकास नियंत्रण नियमांत बसतो, अशा वेळी ‘शेजाऱ्यांना आवडत नाही’ या कारणासाठी महापालिका परवानगी नाकारू शकत नाही. सह्यांची मोहीम, मोर्चा, नगरसेवकाला निवेदन हे सगळं रजाचिठ्ठी निघाल्यावर सुरू होतं, तेव्हा गाडी स्टेशनातून सुटलेली असते. हरकत ऐकायची वेळ बरीच आधी येते. मसुदा योजना प्रसिद्ध झाली की एक महिन्याच्या आत बाधित होणारी कुणीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते, कलम ४७. त्याआधी जमीन मालकांची सभा होते. पुढं सरकारची मंजुरी, मग नगररचना अधिकाऱ्याची नेमणूक, प्राथमिक योजना, अंतिम योजना. कायद्यातल्या मुदती महिन्यांच्या आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि दरम्यान मसुद्याच्या आधारे बांधकामं उभी राहत जातात. त्या एका महिन्यात सोसायट्यांकडून किती हरकती येतात? मालक शेतकरी येतात, कारण त्यांची जमीन जाते. फ्लॅटवाले सूचना फलक वाचत नाहीत.

इथंच एक पोटातली गोष्ट सांगून टाकतो. अंतिम योजनेत एफ फॉर्मच्या शेवटच्या रकान्यांत मालकाकडून येणं निघतं, त्याला लोक बेटरमेंट चार्ज म्हणतात. ते तुमच्या सोसायटीच्या एफपीवर पण निघू शकतं, आणि तोवर बिल्डर दस्तावेज करून निघून गेलेला असतो. ही रक्कम कुणी भरायची याचं कलम तुमच्या दस्तावेजात आहे का, ते समोरच्या मॉलच्या आधी बघा.

मग रजाचिठ्ठी निघाल्यावर हात बांधून बसायचं का? नाही, पण मागणी बदलायला हवी. ‘मॉल नको’ या मागणीला उत्तर नसतं. ‘मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंग दाखवा’ या मागणीला द्यावंच लागतं. व्यापारी इमारतीला राहत्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त पार्किंग सोडावं लागतं, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी गायब होतं. नकाशात तळघर पार्किंगचं असतं. बांधकाम वापराची परवानगी, म्हणजे बीयू, मिळेपर्यंत तिथं गाड्यांचे पांढरे पट्टे असतात. सहा महिन्यांनी तिथं जिम असते, नाहीतर फर्निचरचं गोदाम. गाड्या मग तुमच्या गेटसमोर. म्हणून मंजूर नकाशाची प्रत हातात ठेवायची आणि तळघराचा वापर बदलला की फोटोसकट लेखी तक्रार वॉर्ड ऑफिस आणि टीपी विभाग दोन्हीकडे द्यायची. आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

रांगेचंही तसंच. पार्किंगची पावती फाडणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा असेल, एका गाडीला दहा सेकंद लागत असतील, तर तासाला जास्तीत जास्त ३६० गाड्या आत जातील. दिवाळीच्या आठवड्यात त्याहून थोड्या जरी जास्त आल्या तर मागं रांग लागणार. एका गाडीला पुढच्या-मागच्या फटीसकट सहा मीटर धरा. पंधरा गाड्या म्हणजे ९० मीटर रस्ता अडला. तेच पावतीचं खोकं उताराच्या तळाशी, आत नेलं, तर रांगेचा बराच भाग त्यांच्याच जागेत मुरतो. यात कुणाचं फार नुकसान नाही, खर्चही किरकोळ. पण नकाशावर हे आधी मागावं लागतं. उतार बांधून झाल्यावर खोकं हलत नाही.

पाण्याबद्दल तर २०२४ च्या ऑगस्टनंतर बडोद्यात कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. विश्वामित्रीचं पाणी सगळ्यांना दिसलं. आपल्या कडेच्या वस्तीत मात्र बरंचसं पाणी नदीतून येत नाही, ते शेजारच्या प्लॉटवरून येतं. ६,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३०० घनमीटर पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. शेत असताना त्यातलं समजा तिसरा हिस्सा वाहून जात होतं, बाकी मातीत मुरत होतं. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक बसल्यावर नऊ दशांश वाहतं. दहा टँकरचे सत्तावीस झाले. शिवाय नवी इमारत आपलं जोतं रस्त्यापेक्षा उंच घेते, त्यासाठी भराव टाकते, आणि आजवर त्या शेतातून कांसेकडे, म्हणजे पावसाळी नाल्याकडे, जाणारं पाणी मागं वळून जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरतं. तेव्हा विचारायचं ते हे: पाझर विहिरी किती आणि कुठं, प्लॉटचं पावसाचं पाणी कोणत्या लाइनला जोडणार, आणि ती लाइन रस्त्याखाली खरोखर घातली आहे की नुसती नकाशात आहे. भरावाच्या ट्रकांची रांग लागली की त्याच आठवड्यात आपल्या गेटच्या उंबऱ्याची आणि शेजारच्या भरावाची पातळी कुणाकडून तरी मोजून लिहून घ्या. दोन महिन्यांनी ‘आधीपासूनच असं होतं’ हे उत्तर येतं, तेव्हा हा कागद लागतो.

अफवेवर विसंबून दुकान बुक करायला निघालेल्यांसाठीही थोडं. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि गाळे आठापेक्षा जास्त असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. होर्डिंगवर खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, पीआर/जीजे/वडोदरा असा सुरू होणारा नंबर असतो. पुढं आरएए असेल तर राहता प्रकल्प, सीएए व्यापारी, एमएए मिश्र. नंबर नाही आणि ‘प्री-लाँच भाव’ सांगतायत, तर चहा पिऊन उठावं. नंबर असेल तर गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तो टाका: मंजूर नकाशा, काम पूर्ण करायची तारीख, किती गाळे बुक झालेत, आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांचे दाखले, सगळं दिसतं. व्हॉट्सअॅपवरच्या काचेच्या चित्रात पाच मजले आणि मंजूर नकाशात तीन, असं निघालं तर चित्र सोडून द्या. नोंदणीकृत बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. कच्च्या चिठ्ठीवर दिलेल्या रोकडीचं पुढं काय होतं ते मात्र कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही.

भावाचं गणित कार्पेटवरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच करा. समजा ४०० चौरस फूट सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून), दर ९,०००, झाले ३६ लाख. आतून टेप लावली तर २२० फूट भरतं. म्हणजे खरा दर सोळा हजारांच्या वर गेला. बांधकाम चालू असताना निव्वळ व्यापारी प्रकल्पातल्या गाळ्यावर १२ टक्के जीएसटी, बीयू झाल्यावर घेतला तर नाही. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का, ती बाईमाणसाच्या नावावर घेतल्यास माफ. आता भाडं महिना १२,००० आलं असं धरा. वर्षाचे १ लाख ४४ हजार, चार टक्के, आणि त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा. तेही दुकान भाड्यानं गेलं तर. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेली दुकानं जातात. मागच्या बाजूची आणि दुसऱ्या मजल्यावरची वर्षानुवर्षं शटर ओढून पडतात, कारण गिऱ्हाईक जिन्यानं वर चढत नाही. ‘मॉल येतोय’ हे वाक्य दलाल विकतो ते मुख्यतः याच मागच्या गाळ्यांसाठी. पुढचे गाळे विकायला अफवेची गरज पडत नाही.

हेच रिकामे वरचे मजले मग ट्यूशन क्लासला स्वस्तात मिळतात. सुरतच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ रोजी आगीत २२ मुलं गेली, ती व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या क्लासमध्येच. राजकोटच्या गेम झोनची आग २५ मे २०२४ ची. त्यानंतर राज्यभर बीयू आणि फायर एनओसी नसलेल्या जागांना सील लागलं, आणि हप्ते भरणाऱ्या गाळेधारकांना अनेक ठिकाणी स्वतःच्याच दुकानाला लागलेलं टाळं बघत बसावं लागलं. ‘इम्पॅक्ट फी भरून (बेकायदा बांधकाम) नियमित करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर त्याला तारीख विचारा. २०२२ चा तो कायदा १ ऑक्टोबर २०२२ च्या आधीच्या बांधकामांसाठी आहे, पुढं होणाऱ्या इमारतीला तो लागू नाही.

राहता राहिलं त्या ३० मीटर रस्त्यावरच्या जागेचं. पुढचं पत्र लिहिणाऱ्यानं टीपी आणि एफपी नंबर तेवढा लिहावा, म्हणजे बाकीच्यांना नकाशात शोधता येईल. आणि येत्या रविवारी कुणी साइट ऑफिसात जाणार असेल, तर टेबलामागचा माणूस ‘रजाचिठ्ठी आवी गई छे’ म्हणतोय की ‘फाइल मूकी छे’, हे नीट ऐका. पहिल्याचा अर्थ परवानगी आली, दुसऱ्याचा फाइल नुसती दाखल केलीय. दुसरं वाक्य आलं, तर चेकबुक घरीच राहिलेलं बरं.

आपला,
एक निवृत्त नगररचना आरेखक
अकोटा, वडोदरा